हिशेब लागेपर्यंत

६ फेब्रुवारी २०१८ च्या संध्याकाळी सिटी युनियन बँकेचा एक प्रिंटर चालेनासा झाला. बँकेत प्रिंटर बंद पडणे ही काही बातमी नव्हे. पण हा प्रिंटर ‘स्विफ्ट’ला जोडलेला होता. परदेशी पैसे पाठवण्याचे निरोप बँका एकमेकींना ज्या जाळ्यावरून देतात ते हे स्विफ्ट, आणि निरोप पोहोचल्याची पोच त्या प्रिंटरवर छापून येते. त्या संध्याकाळी पोच आली नाही. नेटवर्कचा काही घोळ असेल असे समजले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यासारखा ताळमेळ घेतला, तेव्हा बँकेतल्या कोणीही न पाठवलेल्या तीन रकमा परदेशी गेलेल्या दिसल्या.

पाच लाख डॉलर न्यूयॉर्कमार्गे दुबईला, तीन लाख युरो फ्रँकफुर्टमार्गे तुर्कस्तानला आणि दहा लाख डॉलर न्यूयॉर्कमार्गेच चीनला. सगळे मिळून वीस लाख डॉलरच्या आसपास. बँकेने ताबडतोब मधल्या बँकांना कळवले. दुबईची रक्कम वाटेतच अडवून परत फिरवली गेली, तुर्कस्तानातली तिथल्या बँकेने रोखून धरली. चीनमधल्या खातेदाराने मात्र खोटी कागदपत्रे दाखवून आपल्या रकमेवर हक्क सांगितला होता. बँकेचे प्रमुख एन. कामकोडी यांनी हा अनेक देशांत पसरलेला कट असल्याचे जाहीर केले.

सायबर गुन्हे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंगळुरू, हैदराबाद, गुरुग्राम येते. तंजावर जिल्ह्यातले कुंभकोणम येत नाही. डिग्री कॉफी, विड्याची पाने, पितळेची भांडी आणि बारा वर्षांनी भरणारा महामहम, एवढीच या गावाची बाहेर ओळख. पण ही बँक याच गावची. ३१ ऑक्टोबर १९०४ रोजी ती ‘कुंभकोणम बँक’ म्हणून निघाली आणि आजही तिचे मुख्यालय तिथेच आहे. चोराला गावाशी काही कर्तव्य नसते. स्विफ्टच्या जाळ्यावर कुंभकोणम आणि न्यूयॉर्क यांच्यात अंतर उरत नाही, आणि या पुस्तकाची सुरुवात तंजावरपासून करण्याचे पहिले कारण हेच.

प्रिंटरची युक्ती नवी नव्हती. दोन वर्षांपूर्वी, ४ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचाही स्विफ्टचा प्रिंटर असाच मुका झाला होता. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तिच्या खात्यातून ९५ कोटी १० लाख डॉलर काढण्यासाठी ३५ सूचना सुटल्या. पंचांग उघडून मुहूर्त काढावा तशी ती वेळ काढलेली होती. गुरुवारची रात्र, कारण ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी. ढाका कामावर येईतो न्यूयॉर्कचा रविवार. आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. मनिलाच्या एका शाखेतून ८ कोटी १० लाख डॉलर जुगारघरांकडे वळले आणि त्यातले फारच थोडे हाती लागले. न्यूयॉर्कने सोडलेल्या रकमांपैकी श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी तेवढे वाचले, तेही ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते आणि वाटेतल्या जर्मन बँकेत ते कोणाला तरी खटकले म्हणून. कोट्यवधींच्या यंत्रणेपेक्षा शुद्धलेखनाची नजर कामाला आली, याचे मला भाषेचा माणूस म्हणून थोडे बरे वाटते.

कुंभकोणमची घटना देशाला कळली तीही चमत्कारिक वेळी. १४ फेब्रुवारीला पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा बाहेर आला होता आणि सगळ्यांच्या तोंडी स्विफ्ट हाच शब्द होता. त्यामुळे आमच्या प्रकरणात कर्मचाऱ्यांचा हात नाही, हा बाहेरून झालेला हल्ला आहे, असा खुलासा सिटी युनियन बँकेला करावा लागला. दोन्ही प्रकरणे वेगळीच. एका ठिकाणी बाहेरचा चोर, दुसऱ्या ठिकाणी आतला माणूस. पण फट एकच होती. पंजाब नॅशनल बँकेत स्विफ्टवरून हमीपत्रे जात होती आणि मुख्य खतावणीत त्यांची नोंदच होत नव्हती, तीही वर्षानुवर्षे. दोन वह्या होत्या आणि त्या एकमेकींशी पडताळून पाहणारे कोणी नव्हते. शेवटी रिझर्व्ह बँकेने ३० एप्रिल २०१८ ची मुदत घालून स्विफ्ट आणि मुख्य खतावणी जोडून घ्यायला लावल्या. याबाबत २०१६ पासून किमान तीनदा बँकांना सावध केले होते, असेही तेव्हाच तिने सांगितले.

मग ऑगस्ट आला आणि पाळी पुण्याची. कॉसमॉस सहकारी बँक १९०६ ची, म्हणजे कुंभकोणमच्या बँकेहून दोन वर्षांनी धाकटी. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. एटीएममध्ये कार्ड घातले की पैसे द्यावेत की नाही हे विचारणारा निरोप बँकेकडे जातो. चोरट्यांनी मधेच आपला एक बनावट सर्व्हर बसवला आणि तो येईल त्या निरोपाला ‘द्या’ म्हणत राहिला. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये निघाले, आणि देशात २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टवरून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. देशात नोटा काढणारी मंडळी कोल्हापुरातही होती, मुंबईतही होती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा ठोठावली. ही सगळी बनावट कार्डे घेऊन एटीएमसमोर उभी राहणारी, कमिशनवर राबणारी प्यादी. पट मांडणारे परदेशातच राहिले.

कुंभकोणम आणि पुण्याची ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचली, तेव्हा या पुस्तकाचा सांगाडा मला मिळाला. कुंभकोणमची बँक अधिक हुशार होती आणि पुण्याची कमी, असे मुळीच नाही. आत दोन्हीकडे शिरकाव झालाच. फरक पडला तो चोरी आणि ताळा यांच्यामध्ये किती वेळ गेला याने. कुंभकोणमला मंगळवारी संध्याकाळी पैसे गेले आणि बुधवारी सकाळी कोणीतरी वह्या समोरासमोर ठेवल्या. पुण्यात दुसरा शनिवार होता आणि मागून रविवार. सायबर चोर कुलूप फोडतो हे खरेच, पण त्याची खरी कमाई कुलूप फुटल्याचे तुम्हाला कळेपर्यंतच्या वेळात होते. बँकेला जे लागू तेच सराफाला, तेच पेन्शनरला. यापुढच्या सगळ्या प्रकरणांत मी एवढेच एक सूत्र धरले आहे.

इथे एक आडवळण घेतो. ज्या कुंभकोणममध्ये ही चोरी झाली, तिथेच सारंगपाणी देवळाच्या रस्त्यावरच्या छोट्या घरात श्रीनिवास रामानुजन वाढले. त्यांना केंब्रिजला नेणारे गणितज्ञ हार्डी अभिमानाने म्हणत की संख्या सिद्धांताचा युद्धात कोणालाच उपयोग नाही. आज तुमच्या फोनमधला प्रत्येक बँक व्यवहार सांकेतिक लिपीत जातो आणि त्या लिपीच्या मुळाशी संख्या सिद्धांतच आहे, अवाढव्य मूळ संख्यांचे गणित. ते गणित कुंभकोणमला कोणी फोडले नाही, पुण्यालाही नाही, आणि तुमच्या शेजाऱ्याचे पैसे गेले तेव्हाही नाही. गणित शाबूत राहिले. प्रिंटर, दुसरा शनिवार आणि माणसाचा भिडस्तपणा एवढ्यावरच चोरट्यांचे भागले.

आता तंजावरचे दुसरे कारण. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले, तेव्हापासून तिथे मराठी माणूस आहे. बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३ चा भोसले वंशाचा लेख, सरफोजीराजांचा सरस्वती महाल, मोडी कागदांचे गठ्ठे हे सगळे आपल्याला ठाऊक असते आणि तिथेच आपली ओळख थांबते. त्या कागदांकडे मी तपासनिसाच्या डोळ्यांनी पाहतो. मराठी दफ्तरात अधिकाराच्या कागदावर वर शिक्का असे आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब. मोर्तबाखाली ओळ वाढवायची सोय नाही. बंद चिकटवून लांब कागद केला असेल तर जोडावर शिक्का उठवायचा, म्हणजे मधला बंद बदलता येत नाही. कागद कोणाचा हे शिक्क्याने कळायचे, आणि तो होता तसाच पोहोचला हे मोर्तबाने आणि जोडावरच्या शिक्क्याने. आजची डिजिटल सही नेमक्या याच दोन गोष्टी सिद्ध करते. फसवणूक होते तिथे आपण पहिली गोष्ट पाहतो आणि दुसरी विसरतो.

उदाहरण देतो. तंजावरची चित्रे, वीणा, माना डोलावणाऱ्या बाहुल्या, स्वामीमलैच्या पंचधातूच्या मूर्ती या सगळ्यांचा माल बाहेर जातो आणि पैशांचे बोलणे मेलवर होते. एक दिवस जुन्या पुरवठादाराचा मेल येतो. आमचे खाते ऑडिटमुळे बंद आहे, यावेळचे पैसे या नव्या खात्यात टाका. वर त्याचेच बोधचिन्ह, खाली त्याचीच सही, मधे मागच्या बिलाचा अचूक आकडा. पत्त्यात फक्त इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ खेटून बसलेले. फोनच्या पडद्यावर चाळिशी लावूनही ते दिसत नाही. हिशेबनीस पैसे टाकतो आणि महिन्याने खरा पुरवठादार विचारतो, राव, बिल कधी भागवताय? वरचा शिक्का सगळ्यांनी पाहिला होता, जोड कोणीच पाहिला नाही. यावरचा उपाय फुकट आहे. खाते बदलल्याचा निरोप आला की त्या निरोपातल्या नंबरवर न करता आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करायचा. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना समोरच्या खात्यावरचे नाव आधी पाहण्याची सोय रिझर्व्ह बँकेने बँकांना द्यायला लावली आहे. ती वापरायची. पैसे पाठवण्याची नोंद एकाने करायची आणि मंजुरी दुसऱ्याने द्यायची. बाप-लेकाच्या दुकानात हे करायला दोघांनाही संकोच वाटतो. तो संकोच सोडावा, असे मी स्पष्टच म्हणतो.

तंजावरच्या जुन्या मराठी घरांत बोलणे मराठीत आणि लिहिणे-वाचणे तमिळमध्ये चालते. तमिळनाडूतला दुसरा मराठी माणूस बराच अलीकडचा. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली गलाई मंडळी तमिळनाडूच्या सराफ बाजारांतही आहेत. बँक परगावची, ग्राहक तमिळ, घर सांगलीकडे आणि पैसा रोज फोनवरून इकडून तिकडे. या मंडळींवर जी आपत्ती येते तिच्याबद्दल मराठीत फारसे लिहिलेले मला दिसले नाही, म्हणून तिला या पुस्तकात सर्वांत मोठे प्रकरण दिले आहे. ही आपत्ती म्हणजे पैसे जाणे नव्हे. पैसे येणे.

घडते ते असे. अहमदाबादेत किंवा हैदराबादेत कोणाला तरी गंडा घातला जातो. त्याचे पैसे एका भाड्याच्या खात्यात येतात, तिथून पाच खात्यांत, तिथून वीसांत. शेवटच्या टोकाचा माणूस सराफाच्या दुकानात येतो, एक चेन घेतो आणि यूपीआयने पैसे देतो. दुकानदार बिल देतो, गिऱ्हाईक जाते. दहा-पंधरा दिवसांनी दुकानदाराचा चेक परत येतो. बँकेत विचारले तर टेबलापलीकडचा माणूस संगणकाकडे बघून म्हणतो, लिएन लागलाय, रक्कम अडवून ठेवलीय. कोणी लावला? सायबर पोलिसांनी. कुठल्या? परराज्यातल्या. ठाण्याचे नाव आणि तक्रारीचा लांबलचक क्रमांक एका चिठ्ठीवर मिळतो. कधी ४० हजारांच्या संशयावरून नऊ लाखांचे अख्खे खाते अडकते. ज्याने चोरी केली नाही, ज्याला चोरी माहीत नाही, त्याच्या कारागिरांचा पगार थांबतो.

कायदा इथे दोन्ही बाजूंनी समजून घ्यायला हवा. पैसे अडवणे चूक नाही, तेच तर व्हायला हवे. ज्याला गंडा बसला त्याने वेळेत फोन केला म्हणूनच ही साखळी अडली. पण पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०२ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०६ पोलिसांना जप्तीचा अधिकार देते, तसे ती जप्ती दंडाधिकाऱ्याला कळवण्याचे बंधनही घालते. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने संशयास्पद रकमेपुरतेच खाते रोखावे, सगळे नव्हे, असे म्हटले. मद्रासच्या प्रकरणात संशय सुमारे अडीच लाखांचा होता आणि अडकले होते साडेनऊ लाखांहून अधिक. हे निकाल माहीत असलेला दुकानदार बँकेशी वेगळ्या आवाजात बोलतो. आणि ज्याच्याकडे गिऱ्हाइकाचे बिल, आधार किंवा पॅनची नोंद, दुकानातल्या कॅमेऱ्याचे त्या दिवशीचे चित्रण आहे, त्याचे पत्र पोलिसांनाही टाळता येत नाही. यूपीआयने पैसे आले की झाले, अशी आपली समजूत आहे. पैसे कोणाच्या नावावरून आले हे बिलावर लिहिण्याची सवय लावा. गिऱ्हाईक समोर उभे आहे त्याचे नाव एक आणि पैसे तिसऱ्याच नावावरून आले, तर माल देण्याआधी प्रश्न विचारा.

भाड्याच्या खात्यांवरही लिहिले आहे, कारण ती खाती आपल्याच पोरांची असतात. महिन्याला पाच-दहा हजार मिळतील, फक्त पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दे, असे सांगणारा मित्र कॉलेजच्या कट्ट्यावर भेटतो. त्याहून दूर गेलेली पोरे म्यानमार-कंबोडियातल्या फसवणुकीच्या अड्ड्यांत पोहोचतात. डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि आपल्याच देशबांधवांना फोनवरून फसवायला बसवतात. मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या विमानांनी अशा ५०० हून अधिक भारतीयांना परत आणले. तुमच्या आजोबांना हिंदीतून किंवा तमिळमधून धमकावणारा आवाज कधी कधी स्वतःच कोंडलेला असतो. याने त्याचा गुन्हा पुसला जात नाही, पण गुन्ह्याचे चित्र बदलते.

२०२४ या एका वर्षात देशातल्या लोकांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले, असे सरकारने संसदेत सांगितले. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. म्हणजे एका वर्षात तिप्पट. ‘डिजिटल अटक’ हा त्यातला सर्वांत क्रूर प्रकार. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर काळा पैसा फिरला, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. मागे पोलीस ठाण्याचा देखावा, अंगावर वर्दी आणि हातात न्यायालयाचा आदेश. हा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या नावाने इतका हुबेहूब बनवलेला होता की ऑक्टोबर २०२५ मध्ये अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याच्या प्रकरणात न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि डिसेंबरमध्ये अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूदच नाही. हे वाक्य घरातल्या ज्येष्ठांना त्यांच्याच बोलीत सांगा. तंजावरच्या आजींना तमिळमध्ये सांगायचे असेल तर तमिळमध्ये सांगा. चोर सांगताना भाषेचा आळस करत नाही.

पैसे गेले तर १९३० ला फोन, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. २०२१ पासून ही यंत्रणा चालू आहे. तिचे कामकाज कसे चालते हे ठाऊक असले की फोन उचलायला उशीर होत नाही. तुम्ही तक्रार नोंदवली की ती तुमच्या बँकेला दिसते. पैसे पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला, आणि त्यापुढच्या. जिथे रक्कम अजून पडून असेल तिथे ती रोखली जाते. म्हणजे ही चोराशी शर्यत आहे. रात्री अकराला फसवणूक झाली आणि सकाळी मुलाला विचारून तक्रार करू म्हटले, तर तोवर पैसे नोटा होऊन कोणाच्या तरी खिशात गेलेले असतात. पुण्याच्या शनिवारी जे घडले तेच.

यात आड येते ती लाज. फसलेला माणूस आधी घरच्यांपासून लपवतो. शिकलेला असेल तर अधिकच. या बाबतीत माझे मत जरा कडक आहे. सावध राहा, ओटीपी देऊ नका, लोभ धरू नका, असे फलक लावून बँका आणि सरकार सगळे ओझे ग्राहकाच्या डोक्यावर टाकतात. सावधगिरी हवीच. पण आजवर हजार-दोन हजारांचे व्यवहार झालेल्या सत्तर वर्षांच्या खातेदाराच्या खात्यातून दुपारच्या दोन तासांत मुदत ठेवी मोडून चाळीस लाख अनोळखी खात्यांत जातात, आणि बँकेच्या संगणकाला त्यात काही वावगे दिसत नाही. तो संगणक कर्जाची जाहिरात मात्र नेमक्या वेळी पाठवतो.

कायदा तरी ग्राहकाला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक या पुस्तकात मराठीत उलगडून दिले आहे. दोष बँकेचा असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, मधल्या यंत्रणेचा आहे, आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर जबाबदारी मर्यादित, साध्या बचत खात्याला फार तर दहा हजार. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती रक्कम जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचे ते बँकेने. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. इथेही घड्याळच आहे, पाहा.

आणि बँक नाहीच म्हणाली तर? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांवर निवाडा करू शकतात. ही वाट फारशी कोणी चालत नाही. ती वापरली गेल्याचे एक जुने उदाहरण तमिळनाडूतलेच आहे. अबुधाबीत नोकरी करणाऱ्या आणि एका खासगी बँकेच्या तुतिकोरिन शाखेत खाते असलेल्या एका गृहस्थांचे २००७ मध्ये बनावट मेलमुळे सुमारे साडेसहा लाख रुपये गेले. पैसे गेले होते मुंबईतल्या त्याच बँकेच्या खात्यात. पासवर्ड तुम्हीच दिला, असे बँकेचे म्हणणे. १२ एप्रिल २०१० रोजी राज्याच्या निवाडा अधिकाऱ्यांनी बँकेने पुरेशी काळजी घेतली नाही असे ठरवून १२ लाख ८५ हजार रुपये द्यायला लावले. अपील चालत राहिले आणि २०१९ मध्ये वरच्या लवादाने तोच निवाडा कायम केला. पैसे गेल्यापासून बारा वर्षे. न्याय मिळाला, हे खरे. तोही रांगेतच मिळाला, हेही तितकेच खरे.

लहान व्यावसायिकाला आणखी एक बंधन माहीत असावे. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणेवर ठरावीक प्रकारचे हल्ले झाले तर ते कळल्यापासून सहा तासांत कळवायचे असतात आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. तीन संगणकांच्या कार्यालयाला हे जड वाटते. पण नोंदी नसल्या की चोर कुठून आला हे कधीच कळत नाही, आणि विमा कंपनीही तेच विचारते. बिलांचा बॅकअप एका वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवायची, एवढे केले तरी खंडणीखोर विषाणूच्या तोंडचा निम्मा घास गेला. पासवर्डची लांबी, विषाणूरोधक कार्यक्रम यावर पुस्तकात दोनच पाने आहेत. त्याहून अधिक त्यात सांगण्यासारखे नाही, जरी अशा पुस्तकांत नेहमी तेच भरलेले असते.

आवाजाची नक्कल करणारी नवी यंत्रे आणि आभासी चलन या दोन विषयांना मी मुद्दाम थोडक्यात आवरले आहे. तंत्र दर सहा महिन्यांनी बदलते आणि छापील पुस्तक मागे पडते. मुलाच्या आवाजात अपघाताचा फोन आला, तर उपाय तोच जुना. फोन ठेवा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर तुम्ही करा. बँकांची संकेतस्थळे आता ‘डॉट बँक डॉट इन’वर आली आहेत, बँकांचे सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून येऊ लागले आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची सोय बंद झाली आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे तर सुरुवातीपासूनच खरे होते.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. सराफ, गलाईवाले आणि दुकानदारांनी चौथे प्रकरण आधी वाचावे, निवृत्तांनी सहावे, आणि ज्यांचे खाते आजच गोठले आहे त्यांनी सरळ परिशिष्टातला अर्जाचा मसुदा उतरवून घ्यावा. तो मराठी, तमिळ आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत दिला आहे, कारण अर्ज जाणार कुठल्या राज्यात हे आधी सांगता येत नाही. शेवटचे पान छिद्रे पाडून सुटे होईल असे केले आहे. ते फाडून गल्ल्याजवळ लावावे. त्यावर १९३० छापलेला आहे, बाकीच्या जागा रिकाम्या आहेत. कार्ड आणि खाते बंद करण्याचा तुमच्या बँकेचा चोवीस तासांचा क्रमांक, शाखाधिकाऱ्याचा फोन, जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्याचा फोन, आणि रविवारी व दुसऱ्या-चौथ्या शनिवारी खाते उघडून पाहण्याची जबाबदारी घरातल्या किंवा दुकानातल्या ज्या माणसाची, त्याचे नाव. हे सगळे पेनने भरायचे आहे.